आई-बाबा वेगळे राहतात, मग अमेरिकेत मुलाला टॅक्समध्ये कुणी दाखवायचं?

घटस्फोटाच्या डिक्रीत एक ओळ हमखास असते: सम वर्षी मुलाला वडील क्लेम करतील (म्हणजे आपल्या टॅक्स रिटर्नवर दाखवतील), विषम वर्षी आई. दोघं सही करतात, वकिलांची बिलं भरतात आणि विषय मिटला असं धरून चालतात. फेब्रुवारीत डब्ल्यू-२ (पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा वार्षिक दाखला) हातात पडला की लक्षात येतं, काहीच मिटलेलं नाही. डिक्री राज्याच्या कोर्टाची आणि टॅक्स आयआरएसचा, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय टॅक्स खात्याचा. आयआरएसला तुमच्या डिक्रीशी फारसं घेणंदेणं नसतं. ती दोनच गोष्टी बघते: मूल वर्षभरात कुणाकडे जास्त रात्री राहिलं, आणि फॉर्म ८३३२ वर (क्लेमचा हक्क दुसऱ्या पालकाला देण्याचा फॉर्म) सही आहे का.

मी या सगळ्यातून गेले आहे. नंतर ओळखीतल्या, ओळखीच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांचे फोन आले आणि प्रश्न जवळपास तेच होते, म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय. आकडे २०२५ या टॅक्स वर्षाचे आहेत, म्हणजे ज्याचं रिटर्न २०२६ मध्ये १५ एप्रिलपर्यंत भरायचं ते. सगळं फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, टॅक्सबद्दल आहे. राज्याचं रिटर्न वेगळं असतं. बरीच राज्यं फेडरलच्या मागोमाग जातात, पण आपल्या राज्याचं एकदा तपासून घ्या. कधीच लग्न न केलेल्या आणि आता वेगळं राहणाऱ्या आई-वडिलांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

आपल्याकडून आलेल्या माणसाला हे सगळं विचित्र वाटतं, कारण भारतात मूल आहे एवढ्यावरून कुणाचा टॅक्स कमी होत नाही. उलट मुलाच्या नावावर आजोबांनी ठेवलेल्या एफडीचं व्याज पालकाच्याच उत्पन्नात मिळवतात. इथे मात्र एका मुलावर काही हजार डॉलर इकडचे तिकडे होतात आणि त्यावरून भांडणं होतात.

१. आधी ३१ डिसेंबरचा हिशेब करा

वर्षाच्या शेवटच्या दिवशी तुमचं लग्न कायद्याने शिल्लक होतं की नव्हतं, यावर तुमचं फायलिंग स्टेटस ठरतं. ३० डिसेंबरला डिक्री झाली असेल तर पूर्ण वर्षासाठी तुम्ही अविवाहित. २ जानेवारीला झाली असेल तर मागचं पूर्ण वर्ष विवाहित.

इथे मराठी घरांचा एक खास घोळ होतो. लग्न पुण्यात किंवा मुंबईत झालेलं, म्हणून परस्परसंमतीचा अर्जही तिकडच्याच कौटुंबिक न्यायालयात टाकलेला असतो. पहिली मोशन झाली, दुसरी बाकी आहे, दोघं वर्षभर वेगवेगळ्या अपार्टमेंटमध्ये राहताहेत, आणि एकजण ‘सिंगल’ म्हणून रिटर्न भरून मोकळा होतो. ते चूक आहे. अंतिम हुकूम निघेपर्यंत तुम्ही विवाहितच. मग उरतात तीन वाटा:

पहिली, दोघांनी एकत्र रिटर्न भरणं. कायद्याने चालतं आणि कधीकधी टॅक्सही सगळ्यात कमी बसतो. पण समोरच्याने काही उत्पन्न लपवलं असेल तर त्याची जबाबदारी तुमच्यावरही येते. ज्या माणसाशी तुम्ही वकिलामार्फत बोलताय, त्याच्या रिटर्नवर सही करायची का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी करणार नाही.

दुसरी, विवाहित पण वेगळं रिटर्न. यात मुलांच्या पाळणाघराच्या खर्चाचं क्रेडिट (क्रेडिट म्हणजे टॅक्सच्या रकमेतून थेट वजा होणारी सूट) आणि कमी कमाईवाल्यांसाठीचं अर्न्ड इन्कम क्रेडिट बहुतेक वेळा हातचं जातं.

तिसरी, आणि पुष्कळांना माहीतच नसलेली: कायद्याने विवाहित असूनही आयआरएस तुम्हाला टॅक्सपुरतं अविवाहित धरू शकते. त्यासाठी वर्षाचे शेवटचे सहा महिने, म्हणजे १ जुलैपासून, नवरा किंवा बायको त्या घरात राहिलेली नसावी. घर चालवायचा निम्म्याहून जास्त खर्च तुम्ही केलेला असावा, मूल निम्म्याहून जास्त वर्ष त्या घरात असावं, रिटर्न वेगळं असावं आणि मुलाला क्लेम करण्याचा हक्क तुमचा असावा (तो फॉर्म ८३३२ वर दुसऱ्याला दिला असला तरी चालतं). हे जमलं तर ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’ (एकट्याने घर चालवणाऱ्याचं स्टेटस, ज्यात टॅक्स कमी बसतो) म्हणून भरता येतं.

एकाच घरात वरच्या आणि खालच्या मजल्यावर राहून “आम्ही सेपरेट झालोय” म्हणणाऱ्यांना ही सवलत मिळत नाही. घर विकेपर्यंत असं राहणारी जोडपी मी बरीच पाहिली आहेत.

२. रात्री मोजा

ज्याच्याकडे मूल वर्षातल्या जास्त रात्री राहिलं तो आयआरएसच्या लेखी कस्टोडियल पालक. डिक्रीत ‘प्रायमरी कस्टडी’ कुणाला दिली आहे, शाळेची फी कोण भरतं, मेडिकल इन्शुरन्स कुणाच्या नोकरीतून आहे, यातलं काहीही इथे चालत नाही. “चाइल्ड सपोर्ट मी देतो, म्हणून क्लेम माझा” हे वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलं आहे. चाइल्ड सपोर्ट देणाऱ्याला त्याची वजावट नाही आणि घेणाऱ्याला त्यावर टॅक्स नाही. क्लेम कुणाचा, हे त्याने ठरत नाही.

मोजायचे नियम असे:

मूल तुमच्या घरी झोपलं तर रात्र तुमची, मग तुम्ही स्वतः त्या रात्री घरी नसलात तरी. तुम्ही ऑफिसच्या कामाला डॅलसला गेलात आणि व्हिजिटर व्हिसावर आलेली आजी मुलाजवळ होती, तरी रात्र तुमचीच. तुम्ही मुलाला घेऊन बाहेर कुठे राहिलात, तर तीही तुमची.

मूल दोघांकडेही नसेल, म्हणजे समर कॅम्पला किंवा मित्राकडे स्लीपओव्हरला गेलं असेल, तर ती रात्र एरवी ज्याच्या वाट्याची असती त्याची. पुण्याला आजी-आजोबांकडे पाठवलेल्या सुट्टीलाही हाच नियम लावायचा. तुमच्या वेळापत्रकात जुलैचे पहिले दोन आठवडे वडिलांचे असतील आणि मूल तेव्हा एकटं पुण्यात असेल, तर त्या रात्री वडिलांच्या. आई स्वतः घेऊन गेली असेल तर आईच्या. विमानाची तिकिटं जपून ठेवा, का ते पुढे येईल.

३१ डिसेंबरची रात्र जुन्या वर्षात धरतात.

पालक रात्रपाळी करत असेल, समजा हॉस्पिटलमध्ये नर्स असेल, तर रात्रींऐवजी दिवस मोजायची तरतूद आहे.

“आमची कस्टडी अगदी पन्नास-पन्नास टक्के आहे” असं सांगणाऱ्यांसाठी: ३६५ ही विषम संख्या आहे. एक आठवडा तुझा, एक माझा असं काटेकोर पाळलं तरी कुणाच्या तरी वाट्याला १८३ रात्री येतात आणि कुणाच्या तरी १८२. ती एक रात्र बरंच काही ठरवते. लीप वर्षात १८३-१८३ होऊ शकतं, आणि बरोबरी झाली की ज्याचं ॲडजस्टेड ग्रॉस इन्कम (ठरावीक वजावटींनंतरचं उत्पन्न) जास्त तो कस्टोडियल धरला जातो. पुढचं लीप वर्ष २०२८.

म्हणून कॅलेंडर ठेवा. फोनवरचं चालेल, पण मला भिंतीवरचं कागदी बरं वाटतं. मूल आपल्याकडे झोपलं त्या तारखेला एका रंगाची टिकली, तिकडे झोपलं त्या तारखेला दुसऱ्या रंगाची, आणि ठरल्यापेक्षा काही बदललं तर शेजारी दोन शब्द: ‘ताप, इकडेच राहिली’, ‘बाबांची फ्लाइट कॅन्सल’. महिनाअखेरीला फोटो काढून समोरच्या पालकाला पाठवायचा. तो काही बोलला नाही तरी हरकत नाही. वर्षाच्या शेवटी अचानक हिशेब मांडण्यापेक्षा दर महिन्याला पाठवलेला फोटो कितीतरी वजनदार ठरतो.

३. मूल कशात बसतं ते बघा

डिपेंडंट (आपल्यावर अवलंबून असलेली व्यक्ती) म्हणून मूल वर्षअखेरीला १९ पेक्षा लहान हवं. पूर्णवेळ शिकत असेल तर २४ पेक्षा लहान. कायमचं आणि पूर्ण अपंगत्व असेल तर वयाची अट नाही. मुलाने स्वतःच्या कमाईतून स्वतःचा निम्म्याहून जास्त खर्च भागवलेला नसावा.

चाइल्ड टॅक्स क्रेडिटसाठी वय आणखी कमी लागतं, वर्षअखेरीला १७ पेक्षा लहान. २०२५ साठी हे क्रेडिट एका मुलामागे २,२०० डॉलर आहे, आणि टॅक्स तेवढा नसेल तर त्यातले १,७०० डॉलरपर्यंत रिफंड म्हणून मिळू शकतात. मुलाकडे नोकरीसाठी वैध असा सोशल सिक्युरिटी नंबर हवा, आणि २०२५ पासून क्लेम करणाऱ्या पालकाकडेही हवा.

एच-४ व्हिसावर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेल्या, भारतात जन्मलेल्या मुलांना हा नंबर मिळत नाही. त्यांच्यासाठी आयटीआयएन (फक्त टॅक्सपुरता नंबर) काढावा लागतो आणि त्यावर ५०० डॉलरचं ‘अदर डिपेंडंट’ क्रेडिट मिळतं. १७ पूर्ण झालेल्यांनाही तेच. आयटीआयएनसाठी डब्ल्यू-७ हा फॉर्म भरावा लागतो. मुलाचा मूळ पासपोर्ट आयआरएसकडे पोस्टाने पाठवायच्या भानगडीत पडू नका; ‘सर्टिफाइंग अॅक्सेप्टन्स एजंट’ गाठा, तो मूळ पासपोर्ट बघून तिथेच परत देतो. मूल ज्या पालकाकडे नसतं त्याला पासपोर्ट मागायलाही मिनतवाऱ्या कराव्या लागतात, त्यात तो टपालात अडकला तर मे महिन्यातल्या भारतवारीचं काही खरं नाही.

४. एका मुलाबरोबर बऱ्याच गोष्टी येतात, सगळ्या देता येत नाहीत

हा भाग नीट वाचा. बहुतेक भांडणं ‘क्लेम’ ही एकच वस्तू आहे असं समजल्यामुळे होतात.

कस्टोडियल पालक सही करून दुसऱ्याला देऊ शकतो त्या गोष्टी: चाइल्ड टॅक्स क्रेडिट, त्याचा रिफंडचा भाग आणि ५०० डॉलरचं क्रेडिट. मूल कॉलेजात गेलं की शिक्षणाची क्रेडिटही ज्याने डिपेंडंट म्हणून दाखवलं त्याच्या मागे जातात.

देता येत नाहीत त्या गोष्टी: हेड ऑफ हाउसहोल्ड हे स्टेटस, अर्न्ड इन्कम क्रेडिट, पाळणाघर-डेकेअरच्या खर्चाचं क्रेडिट आणि नोकरीतलं डिपेंडंट केअर एफएसए (डेकेअरसाठी पगारातून करमुक्त पैसे बाजूला ठेवायचं खातं). या मूल ज्याच्याकडे राहतं त्याच्याच. तुम्ही फॉर्म ८३३२ वर सही केलीत तरी तुमच्याच राहतात, आणि समोरच्याला सही मिळाली तरी त्याच्या होत नाहीत.

आकड्यांत बघू. २०२५ चं स्टँडर्ड डिडक्शन सिंगलला १५,७५० आणि हेड ऑफ हाउसहोल्डला २३,६२५ डॉलर आहे. फरक ७,८७५. तुम्ही २२ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर एवढ्यावरच सुमारे १,७०० डॉलर वाचतात, शिवाय स्लॅबही जरा ऐसपैस. म्हणजे क्रेडिट दुसऱ्याला दिलं तरी मूल जवळ असलेल्या पालकाच्या हातात बरंच राहतं. वाटाघाटीला बसताना हे दोघांनाही माहीत हवं.

आता उलट बाजू. चाइल्ड टॅक्स क्रेडिट एकट्याच्या उत्पन्नाने २ लाख डॉलरची रेघ ओलांडली की दर हजारामागे ५० डॉलरने उतरायला लागतं. एकच मूल असेल तर २ लाख ४४ हजारांच्या आसपास ते शून्यावर येतं. आपल्या लोकांत पगार आणि आरएसयू (कंपनीकडून मिळणारे शेअर) धरून तिथवर पोचलेले कमी नाहीत. अशा माणसाने क्लेमसाठी कोर्टात हट्ट धरायचा, तो मिळवायचा, आणि हातात पडायचं शून्य! समोरच्या पालकाचं उत्पन्न कमी असेल तर तिथे पूर्ण २,२०० मिळाले असते. हट्ट धरण्याआधी दोन्हीकडचं गणित एकदा कागदावर मांडा.

डिपेंडंट केअर एफएसएबद्दल वेगळं सांगायला हवं. आयटी कंपन्यांत नोव्हेंबरमध्ये ओपन एनरोलमेंट (पुढच्या वर्षाच्या सवलती निवडायची वेळ) येतं आणि घटस्फोटित वडील सवयीने ५,००० डॉलर टाकून मोकळे होतात. मूल जास्त रात्री आईकडे राहत असेल तर वडिलांना ते वापरता येत नाहीत, डेकेअरचं बिल त्यांनीच भरलेलं असलं तरी. कंपनीचा एचआर हे विचारत नाही. डेकेअरच्या खर्चाचा फॉर्म २४४१ भरताना उघड होतं.

औषधपाण्याचा खर्च मात्र याला अपवाद आहे. घटस्फोटित किंवा वेगळं राहणाऱ्या आई-वडिलांचं मूल वैद्यकीय खर्चापुरतं दोघांचंही डिपेंडंट धरतात, म्हणून ज्याने दाताच्या तारांचं बिल भरलं त्याला ते आपल्या एचएसएमधून (वैद्यकीय खर्चासाठीचं करमुक्त खातं) भागवता येतं.

५. फॉर्म ८३३२: सही कुणाची, किती वर्षांची

फॉर्म छोटा आहे. वर मूल ज्याच्याकडे राहत नाही त्या पालकाचं नाव, खाली तीन भाग. सही करतो तो मूल ज्याच्याकडे राहतं तो. हे उलटं समजून वडिलांनीच सही करून जोडलेला फॉर्म मी पाहिला आहे. त्याचा काही उपयोग नाही.

भाग एक चालू वर्षासाठी. भाग दोन पुढच्या वर्षांसाठी, वर्षं लिहून किंवा सरसकट सगळी. भाग तीन दिलेलं परत घेण्यासाठी. प्रत्येक मुलासाठी वेगळा फॉर्म.

माझं मत स्पष्ट आहे: तुम्ही देणाऱ्या बाजूला असाल तर फक्त भाग एक भरा, दर वर्षी नव्याने. डिक्रीत बहुधा ‘चाइल्ड सपोर्ट थकलेला नसेल तरच’ अशी अट असते. फॉर्मवर अट लिहिता येत नाही. सही झाली की ती बिनशर्त. म्हणून डिसेंबरचा सपोर्ट जमा झाला की मग जानेवारीत सही. ‘सगळी पुढची वर्षं’ असं लिहून दिलेला कागद परत घेणं जिकिरीचं असतं: भाग तीन भरून त्याची प्रत समोरच्याला पोचवावी लागते, आणि ती ज्या वर्षी पोचली त्याच्या पुढच्या वर्षापासून आधीची सही रद्द धरली जाते. २०२६ मध्ये कळवलंत तर लवकरात लवकर २०२७ च्या टॅक्स वर्षापासून.

घेणाऱ्या बाजूला असाल तर डिक्रीतच तारीख घालून घ्या: अमुक तारखेपर्यंत, समजा १५ फेब्रुवारी, सही केलेला फॉर्म द्यायचा. नुसतं ‘वडील क्लेम करतील’ एवढं लिहून घेतलंत आणि आईने सही दिली नाही, तर आयआरएसकडे तुमचं काही चालणार नाही. डिक्री पाळली जात नाही म्हणून पुन्हा कोर्टात जावं लागेल. २००८ नंतरच्या डिक्रीची पानं फॉर्मच्या जागी जोडता येत नाहीत. मला एका टॅक्स तयार करणाऱ्याने अगदी आत्मविश्वासाने सांगितलं होतं, “डिक्री स्कॅन करून लावून देऊ, होतं.” ते जुन्या डिक्रींचं होतं. बोर्ड लावून बसलेल्या प्रत्येकाला हे माहीत असतंच असं नाही.

‘सम वर्ष-विषम वर्ष’ यातही एक खोच आहे. एप्रिल २०२६ मध्ये भरतो ते रिटर्न २०२५ चं, म्हणजे विषम वर्षाचं. दोघांपैकी एकजण ‘भरायचं वर्ष’ धरतो आणि दुसरा ‘कमाईचं वर्ष’, आणि दोघंही डिक्री दाखवून भांडतात. डिक्रीत ‘टॅक्स वर्ष’ असे शब्द घालून घ्या.

६. कागदांची फाईल

रिटर्न भरताना यातलं जवळपास काहीच जोडायचं नसतं. आयआरएसने विचारलं तर द्यायचं असतं, आणि ती विचारते तेव्हा वर्ष-दोन वर्षं उलटून गेलेली असतात. म्हणून आत्ताच जमवा:

- मुलाचं सोशल सिक्युरिटी कार्ड किंवा आयटीआयएनचं पत्र, जन्माचा दाखला
- शाळेच्या लेटरहेडवर पत्र: मुलाचं नाव, पालकाचं नाव, घरचा पत्ता आणि कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत
- तसंच पत्र बालरोगतज्ज्ञाकडून किंवा डेकेअरकडून
- तुमचं लीज किंवा मॉर्गेजचं स्टेटमेंट, वीज-गॅसची बिलं, किराण्याच्या खर्चाचा अंदाज देणारी बँक स्टेटमेंट
- रात्रींचं कॅलेंडर, प्रवासाची तिकिटं
- डिक्री किंवा सेपरेशन ॲग्रीमेंट
- ८३३२ ची सही केलेली प्रत, दिली असेल तरी आणि मिळाली असेल तरी
- डेकेअर चालवणाऱ्याचा टॅक्स नंबर. घरगुती डेकेअरवाल्या काकू तो द्यायला का-कू करतात, पण त्याशिवाय क्रेडिट मिळवणं अवघड

शाळेच्या पत्रावर पत्ता हवाच. नुसतं ‘अमुक इयत्तेत शिकतो’ लिहिलेलं पत्र कामाचं नाही. दोघांचेही पत्ते शाळेत नोंदवलेले असतील तर ऑफिसातल्या बाई गोंधळतात. दोन शैक्षणिक वर्षं मिळून एक कॅलेंडर वर्ष होतं, म्हणून पत्रं दोन लागतात, हेही त्यांना आपणच समजावून सांगायचं.

घर चालवण्याच्या खर्चात भाडं, मॉर्गेजचं व्याज, प्रॉपर्टी टॅक्स, घराचा विमा, दुरुस्ती, वीज-पाणी आणि घरात शिजणारं अन्न येतं. कपडे, शाळा, औषधं, गाडी, सहली येत नाहीत.

७. भरताना आणि भरल्यावर

सॉफ्टवेअर विचारतं, “दुसऱ्या पालकाने क्लेम करायचं असा करार आहे का?” इथे घाईत ‘हो’ दाबू नका. त्या प्रश्नाचा खरा अर्थ, या वर्षासाठी तुम्ही ८३३२ दिलाय का, एवढाच. दिला असेल तर ‘हो’. मग मूल तुमच्या रिटर्नवर फक्त हेड ऑफ हाउसहोल्ड वगैरेंपुरतं राहतं.

फॉर्म मिळालेल्या पालकाने तो रिटर्नला जोडायचा. ई-फाईल करताना पीडीएफ म्हणून जोडता येतो. सॉफ्टवेअरमध्ये ती सोय नसेल तर फॉर्म ८४५३ बरोबर पोस्टाने, रिटर्न स्वीकारल्याचा निरोप आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत.

आता नेहमीचा तमाशा. तुम्ही ई-फाईल करता आणि रिटर्न परत येतं: मुलाचा नंबर आधीच दुसऱ्या रिटर्नवर वापरलाय. इथे लोक हातपाय गाळतात आणि मुलाचं नाव काढून रिटर्न भरून टाकतात. तसं करू नका. आधी फाईल केल्याने हक्क मिळत नाही. तुमचा आयपी पिन काढा. आयआरएसच्या साइटवर ओळख पटवून सहा आकडी नंबर मिळतो. २०२५ च्या फायलिंग सीझनपासून तो घातला की मुलाचा नंबर आधी वापरलेला असला तरी ई-फाईल घेतात. नाहीतर कागदावर छापून पोस्टाने पाठवा. वेळ लागतो, पण चालतं.

मग काही महिन्यांनी दोघांनाही सीपी८७ए नावाचं पत्र येतं: तुमच्या रिटर्नवरचा डिपेंडंट आणखी कुणीतरी दाखवला आहे. पत्रात दुसऱ्याचं नाव नसतं. तुमचं बरोबर असेल तर काहीही करायचं नाही, उत्तरही द्यायचं नाही. चुकलं असेल तर १०४०-एक्स (सुधारित रिटर्नचा फॉर्म) भरून दुरुस्त करायचं. दोघंही गप्प राहिले तर आयआरएस तपासणी लावते, आणि तेव्हा वरची फाईल कामाला येते. हरणाऱ्याला क्रेडिट व्याजासकट परत द्यावं लागतं, दंडही लागू शकतो. बेफिकिरीने किंवा जाणूनबुजून नियम धाब्यावर बसवले असं ठरलं तर ते क्रेडिट दोन वर्षं बंद, फसवणूक ठरली तर दहा वर्षं.

आधीच्या वर्षी तुमचा हक्क असून क्लेम राहून गेला असेल, तर साधारण तीन वर्षांच्या आत सुधारित रिटर्न भरून मागता येतो.

८. एक पालक भारतात असेल तर

मूल आईबरोबर कायमचं भारतात परतलं, वडील इथे. जास्त रात्री आईकडे, म्हणून कस्टोडियल आई, ती अमेरिकेत टॅक्स भरत नसली तरीही. वडील हेड ऑफ हाउसहोल्ड होऊ शकत नाहीत, दर महिन्याला कितीही पैसे पाठवले तरी. मूल अमेरिकन नागरिक असेल आणि त्याच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर असेल, तर आईने ८३३२ वर सही दिल्यावर वडिलांना चाइल्ड टॅक्स क्रेडिट घेता येतं. मूल भारतीय नागरिक असेल आणि भारतातच राहत असेल, तर ५०० डॉलरचं क्रेडिटही नाही. मूल आई-वडील दोघांकडेही नसून वर्षभर आजोळी वाढतंय, असं असेल तर स्वतःच्या अंदाजाने काही भरू नका. ते प्रकरण एखाद्या सीपीएकडे (अमेरिकेतल्या सीएकडे) न्या, आणि तो भारत-अमेरिका अशी दोन्हीकडची रिटर्न करणारा असेल तर बरं.

उलट स्थिती: मूल वडिलांजवळ इथे, आई भारतात आणि अमेरिकेच्या लेखी नॉन-रेसिडेंट, घटस्फोट अजून झालेला नाही. बायकोला रेसिडेंट धरायचा पर्याय निवडला नसेल, तर हेड ऑफ हाउसहोल्डपुरतं अशा वडिलांना अविवाहित धरतात. मूल त्यांच्याजवळ राहत असेल आणि घरखर्च ते करत असतील तर ते स्टेटस घेता येतं.

तिकडच्या कोर्टाने ठरवलेली पोटगी रुपयांत भरत असाल तर इकडे तिची वजावट शोधत बसू नका. मुलाच्या पोटगीला ती कधीच नसते, आणि २०१८ नंतर झालेल्या आदेशांत पती-पत्नीच्या पोटगीलाही फेडरल टॅक्समध्ये नाही.

९. पुढच्या वर्षासाठी डब्ल्यू-४ बदला

क्लेम आलटून-पालटून असेल तर हे दर जानेवारीला करायचं काम आहे. डब्ल्यू-४ म्हणजे पगारातून किती टॅक्स कापायचा ते कंपनीला सांगणारा फॉर्म. त्याच्या तिसऱ्या पायरीत मुलांचं क्रेडिट धरलेलं असतं आणि त्या हिशेबाने पगारातून कमी टॅक्स कापला जातो. ज्या वर्षी क्लेम समोरच्याचा, त्या वर्षी तिथला आकडा काढला नाही तर एप्रिलमध्ये तेवढी रक्कम खिशातून भरावी लागते. पेरोलच्या पोर्टलवर जाऊन बदलायला दहा मिनिटं लागतात. स्टेटस सिंगलवरून हेड ऑफ हाउसहोल्ड झालं असेल तर तेही तिथेच, पहिल्या पायरीत.